लिस्बनमध्ये नव्याने येणाऱ्या जोडप्यांसाठी: पहिले तीन-चार दिवस

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी लिस्बनला येणारी बहुतेक मराठी जोडपी पहिला आठवडा कर क्रमांक, बँकेचे खाते आणि भाड्याचे घर यांच्या मागे धावण्यात घालवतात आणि शहर पाहणे सवडीवर टाकतात. बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनीही तेच केले होते. परिणामी सहा महिने येथे राहूनही आम्हाला घर ते कचेरी एवढाच रस्ता ठाऊक होता. माझे मत असे आहे की पहिले तीन-चार दिवस सरळ पाहुण्यांसारखे हिंडावे, कारण चढ कोठे आहेत, जेवण किती वाजता मिळते आणि दुकानदाराशी काय बोलावे हे हिंडतानाच कळते, आणि घर कोणत्या भागात घ्यावे हेही त्यानंतरच नीट ठरवता येते.

मेट्रोच्या स्थानकातील यंत्रावर ‘नावेगांत’ कार्ड घ्यावे आणि दोघांची दोन वेगळी कार्डे घ्यावीत, कारण एका कार्डावर दोघांना प्रवास करता येत नाही. त्यात पैसे भरून ठेवण्याच्या सोयीला येथे ‘झॅपिंग’ म्हणतात, आणि तेच पैसे मेट्रो, बस, ट्राम, उपनगरी गाडी व नदीवरील बोट या सर्वांना चालतात. पादत्राणांविषयी मात्र मी आग्रही आहे. येथील पदपथ चुनखडीच्या आणि काळ्या बेसॉल्टच्या लहान चौकोनी दगडांचे असतात. ते दिसायला सुंदर असले तरी पाऊस पडल्यावर घोटलेल्या फरशीसारखे निसरडे होतात. पहिल्याच नोव्हेंबरात मी गुळगुळीत तळाच्या चपला घालून उतारावर निघाले आणि उरलेला उतार बसूनच उतरले.

पहिल्या दिवशी तेजू नदीच्या काठी, प्रासा दु कोमेर्सियु या विस्तीर्ण चौकात जावे. जुने लिस्बनकर त्याला अजूनही ‘तेरेइरु दु पासु’, म्हणजे राजवाड्याचे पटांगण, म्हणतात; तो राजवाडा मात्र १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात गेला. सर्व संतांच्या सणाची ती सकाळ होती, देवळे माणसांनी आणि मेणबत्त्यांनी भरलेली होती, त्यामुळे हादऱ्यांपाठोपाठ आग लागली आणि नदीतून समुद्राच्या लाटाही शिरल्या. त्यानंतर मार्केस दे पोंबाल या मंत्र्याने चौकामागचा बायशा हा भाग काटकोनात आखलेल्या रस्त्यांनी नव्याने वसवला आणि भिंतींच्या आत भूकंपाला तोंड देणारे लाकडी सांगाडे बसवले. तेथील रस्त्यांना सोने, चांदी, चर्मकार अशी व्यवसायांची नावे आहेत, त्यामुळे तांबट आळी आणि कासार आळी ऐकत वाढलेल्या माणसाला ती लगेच लक्षात राहतात. बायशातून वर शियादू या टेकडीवरच्या भागात जाण्यासाठी १९०२ साली सुरू झालेल्या सांता जुश्ताच्या लोखंडी उद्‌वाहनापुढे लांब रांग असते. त्याऐवजी बायशा-शियादू मेट्रो स्थानकाच्या सरकत्या जिन्यांनी वर जावे. वर कार्मुचे छप्पर नसलेले चर्च अवश्य पाहावे, कारण भूकंपाची कल्पना कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या उघड्या कमानी अधिक स्पष्ट देतात.

दुसरा दिवस अल्फामासाठी ठेवावा, आणि तो मंगळवार किंवा शनिवार असेल तर उत्तम. भूकंपातून बऱ्याच अंशी वाचलेल्या या भागाचे नाव अरबी आहे आणि त्याच्या गल्ल्याही नकाशाला जुमानत नाहीत. अठ्ठावीस क्रमांकाची पिवळी ट्राम येथूनच जाते. तिच्यात बसायचे असेल तर सकाळी लवकर मार्तिं मोनीझच्या टोकाला चढावे, आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवावे, कारण गर्दीतले हात फार सराईत असतात. खरे पाहता ती या चढांवर राहणाऱ्यांची नेहमीची गाडी आहे, म्हणून काठी टेकत चढणाऱ्या आजींना जागा द्यावी. सांता लुझियाच्या सज्जातून नदी पाहून साँव विसेंते द फोरा या मठाकडे जावे. मराठी माणसाने हा मठ चुकवू नये असे मला वाटते, कारण पोर्तुगालच्या ब्रागांझा राजघराण्याच्या तेथील दफनगृहात राजकन्या कातारीना आहे: १६६१ च्या करारानुसार इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिचा विवाह ठरला तेव्हा मुंबई आंदणात गेली, ती हीच. तिच्या थडग्यापुढे मी जेव्हा जेव्हा उभी राहते तेव्हा चर्चगेटची संध्याकाळची गर्दी आठवते. मठामागच्या मैदानात मंगळवारी व शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, आणि नव्या घरासाठी लागणारी भांडी तेथे स्वस्तात मिळू शकतात.

त्यानंतर बेलें या नदीकाठच्या भागात जावे, पण सोमवारी जाऊ नये, कारण त्या दिवशी तेथील मठ आणि बुरूज दोन्ही बंद असतात. पंधरा क्रमांकाच्या ट्रामने तेथे पोहोचता येते. जेरोनिमुश मठात प्रवेश करताच वास्को द गामाची समाधी दिसते. १५२४ मध्ये कोचीनला मरण पावलेल्या या माणसाचे अवशेष पुढे पोर्तुगालला आणले गेले. नदीकाठच्या बुरुजावर एका कोपऱ्यातील मनोऱ्याखाली दगडी गेंडा आहे, आणि गुजरातच्या सुलतानाकडून मिळालेला जो गेंडा १५१५ मध्ये जहाजाने लिस्बनला आला त्याची ती आठवण मानली जाते. जवळच शोधमोहिमांचे जे उंच स्मारक आहे ते हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत, १९६० मध्ये, सध्याच्या रूपात उभे राहिले. पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला. वसईचा किल्ला आणि चिमाजी अप्पांची १७३९ ची मोहीम लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला त्या स्मारकापुढे केवळ कौतुकाने उभे राहता येत नाही, आणि तसे राहण्याची गरजही नाही.

खाण्याविषयी एक अनुभव सांगते. पहिल्या आठवड्यात एका खाणावळीत बसताच पाव, ऑलिव्ह आणि चीज समोर आले. आम्ही ते यजमानांचे अगत्य समजून संपवले आणि बिलात त्याची किंमत पाहून गप्प झालो. या पदार्थांना ‘कुव्हेर’ म्हणतात. नको असल्यास हात न लावता परत पाठवावे, त्याचे कोणाला वाईट वाटत नाही. शाकाहारी असाल तर मांसही नको आणि मासेही नकोत असे दोन्ही सांगावे, कारण हिरव्या भाजीच्या ‘काल्दु व्हेर्द’ सुपातही बहुधा सॉसेजची चकती तरंगत असते. बेलेंची प्रसिद्ध पेस्ट्री अंड्याच्या बलकाची असते, हेही आधी कळलेले बरे.

भाषेची भीती बाळगू नये. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादु’ आणि स्त्रीने ‘ओब्रिगादा’ म्हणावे. ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ असे बोलणाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही, उलट इंग्रजी माध्यमातून आलेलेच येथे अडखळतात. किल्लीवाल्याच्या पाटीवरील ‘शाव्ह’ ही आपली चावी, ‘बाल्द’ ही बादली, आणि ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, हे एकदा लक्षात आले की पाट्या आपोआप वाचता येऊ लागतात.

शेवटच्या दुपारी काइश दु सोद्रेहून बोटीने पलीकडे कासिल्याशला जावे, तेथून सारे शहर एका नजरेत पाहावे आणि परतताना मार्तिं मोनीझला उतरून वाणसामान भरावे. तूरडाळ, पोहे आणि हिंग तेथील दक्षिण आशियाई दुकानांत मिळतात. कोथिंबिरीसाठी मात्र तेथवर जाण्याचे कारण नाही; पोर्तुगीज लोक ती भरपूर खातात, त्यामुळे घराजवळच्या कोणत्याही भाजीवाल्याकडे ‘कुएंत्रुश’ मागितली की ताजी जुडी हातात पडते.