विंटर टायर आहेत, तरी गाडी घसरते? या चुका टाळा

पुण्यात किंवा नाशकात गाडी चालवताना टायरची आठवण दोनदाच होते: पंक्चर झाल्यावर आणि टायर पार गोटा झाल्यावर. जर्मनीत नोकरीसाठी आलेला आपला माणूस पहिल्याच वर्षी सेकंडहँड गाडी घेतो. तिच्यासोबत विंटर टायरचा सेट मिळाला की हिवाळ्याची सोय झाली असं त्याला वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. आता दर ऑक्टोबरला नवीन आलेली मंडळी त्याच त्या शंका घेऊन फोन करतात, म्हणून इथे सगळं लिहून ठेवतोय.

‘बर्फ पडला की बदलू’

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहील अशा मिश्रणाचं असतं. उन्हाळी टायर गारठ्यात कडक होत जातो. 7 अंशांचा जो आकडा सगळे सांगतात तो अंदाजापुरता धरा. स्वच्छ, कोरड्या रस्त्यावर चांगला उन्हाळी टायर 4-5 अंशांनाही नीट ब्रेक घेतो. धोका वेगळाच आहे. नोव्हेंबरच्या सकाळी डॅशबोर्डवर 3 अंश दिसत असतात, पण पुढच्या पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते, त्यामुळे त्यावरची ओल आधीच गोठलेली असते. झाडीतून जाणाऱ्या सावलीच्या वळणावरही हेच. दिसताना रस्ता फक्त ओला दिसतो. अशा वेळी उन्हाळी टायर जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

म्हणून इथले लोक ‘ओ बिस ओ’ म्हणतात, म्हणजे ऑक्टोबर ते ईस्टर (जर्मनमध्ये ‘ओस्टर्न’). पहिला बर्फ पडल्यावर गॅरेजला फोन केलात तर पुढच्या दोन आठवड्यांत वेळ मिळेलच असं नाही.

कायद्यात मात्र तारीख नाही. 2010 पासून नियम आहे तो परिस्थितीवर: रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा दव गोठलेलं असेल तर हिवाळी टायर हवेतच. नसतील तर 60 युरो दंड आणि चालकाच्या नावावर एक दंड-पॉइंट, तुमच्यामुळे रहदारी अडली तर 80. मित्राला गाडी देणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा, की अशा रस्त्यावर अशी गाडी चालवू दिली म्हणून मालकालाही 75 युरो आणि एक पॉइंट बसू शकतो.

फक्त ‘एम प्लस एस’ बघून घेतलेला टायर

‘M+S’ म्हणजे ‘मड अँड स्नो’, चिखल आणि बर्फ. 1 ऑक्टोबर 2024 पासून जर्मनीत नुसतं हे अक्षरी चिन्ह चालत नाही. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र हवं. ते चित्र बर्फावरची ठरलेली चाचणी पार केल्यावरच मिळतं, एम प्लस एसला तशी अट नव्हती. जुन्या गाडीसोबत मिळालेले टायर नेमके इथेच अडकतात. ऑल सीझन टायरवर हे चित्र असेल तर तेही चालतात, आणि सपाट शहरी भागात राहणाऱ्याला ते पुरतात. डोंगराळ भागात राहत असाल तर मी ते सुचवणार नाही.

‘नक्षी छान आहे की!’

जानेवारी 2022 मधली गोष्ट. स्टुटगार्टहून उल्मच्या दिशेने, एका गावातला उतार, खाली सिग्नल लाल. वेग जेमतेम 30. मी ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची थरथर सुरू झाली आणि गाडी त्याच संथ गतीने पुढे जात राहिली. सिग्नल ओलांडून अर्ध्या चौकात जाऊन थांबली. आडव्या रस्त्यावर कोणी नव्हतं, म्हणून वाचलो. मागच्या सीटवर मुलगी झोपलेली होती. तो क्षण अजून अंगावर काटा आणतो.

घरी येऊन बॅटरी घेऊन टायरपाशी बसलो. नक्षी खोल होती, खाचा स्वच्छ होत्या. मग बाजूवरच्या ‘डॉट’ अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचले: 4011. म्हणजे 2011 सालचा चाळिसावा आठवडा. दहा वर्षांपूर्वीचं रबर. नखाने दाबून पाहिलं तर दबेना.

हिवाळी टायरची सगळी करामत त्या मऊपणात आणि नक्षीच्या रबरी ठोकळ्यांवरच्या बारीक, नागमोडी चिरांमध्ये असते. चाक फिरताना चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला चावतात. मोठ्या खाचांत बर्फ दाबून भरतो, आणि मुठीत दाबलेला बर्फाचा गोळा जसा घट्ट होतो तसा तो रस्त्यावरच्या बर्फाला धरतो. रबर कडक झालं की चिरा उघडतच नाहीत. टायर दिसतो नवा, वागतो लाकडासारखा. सहा वर्षं झाली की दर हिवाळ्याआधी नीट तपासा, आठव्या वर्षी सरळ बदला.

खोली मोजायला दोन युरोचं नाणं वापरा. ते खाचेत उभं घाला. बाहेरचा चंदेरी काठ 4 मिलिमीटरचा असतो. तो दिसत राहिला तर टायरचा हिवाळा संपला. कायद्याने 1.6 चालतं, पण एवढ्या खोलीत बर्फ धरायला जागाच उरत नाही.

पुढचे दोनच बदलणं

पैसे वाचवायला काही जण फक्त ओढणाऱ्या, म्हणजे इंजिनची ताकद मिळणाऱ्या (बहुतेक गाड्यांत पुढच्या) चाकांना हिवाळी टायर लावतात. असं अजिबात करू नका. पुढची चाकं धरतात, मागची सुटतात, आणि वळणावर गाडी स्वतःभोवती फिरते. चारही टायर एकाच प्रकारचे हवेत.

फोर व्हील ड्राइव्हवाल्यांची गफलतही याच्याच जवळची. चारही चाकांना ताकद मिळते म्हणून गाडी चढावर झोकात निघते आणि मनात खोटा विश्वास भरतो. ब्रेक मारताना मात्र तिची नि साध्या गाडीची पकड सारखीच. उपाय एकच, वेग कमी. 50 ऐवजी 30 ने गेलात तर ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर साधारण एक तृतीयांश होतं. दुसरा कुठलाही टायर एवढा फरक पाडत नाही.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

स्टेअरिंग थोडं सैल, लोण्यातून फिरवल्यासारखं वाटतं? मऊ ठोकळ्यांमुळे तसं होतं, घाबरू नका. डॅशबोर्डवर हवेचा पिवळा दिवा लागला तर आधी हवा तपासा, मग यंत्रणा नव्याने सेट करा. तापमान 10 अंशांनी उतरलं की हवा साधारण 0.1 बारने कमी होते, म्हणून गरम गॅरेजमध्ये भरलेली हवा बाहेरच्या थंडीत कमी भरते.

बर्फातून आल्यावर हायवेला अचानक गाडी थरथरायला लागली, तर रिमच्या आतल्या बाजूला बर्फ चिकटलाय का ते बघा. असेल तर तोल बिघडतो. खरवडून काढला की थरथर जाते. बर्फ नसेल आणि 100-120 ला हादरे बसतच असतील, तर बॅलन्सिंग करून घ्या. पावसात पकड कमी वाटत असेल तर बाजूवरचा बाण बघा. चाक उलट्या दिशेला बसलं असेल तर नक्षी पाणी बाहेर फेकत नाही. घाईच्या दिवसांत गॅरेजवाल्यांकडूनही हे होतं. आणि 50 किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्यायचे, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जोराने.

साल्झबुर्गकडे स्कीइंगला जाताना

ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल हिवाळी परिस्थितीत हिवाळी टायर लागतात, आणि 4 मिलिमीटरपेक्षा कमी नक्षीचा टायर तिथे हिवाळी धरतच नाहीत. म्हणजे म्युनिकमध्ये चालणारा टायर सीमेपलीकडे बाद. निळ्या गोल पाटीवर साखळी घातलेलं चाक दिसलं की तिथून पुढे बर्फाच्या साखळ्या सक्तीच्या. त्या ओढणाऱ्या चाकांना लावतात. एकदा घरीच, कोरड्या अंगणात, लावून बघा. बोटं बधिर झालेली असताना, अंधारात, पहिल्यांदा ते जमत नाही.

ईस्टरनंतर

उन्हाळाभर हेच टायर वापरू नका. गरम रस्त्यावर मऊ रबर भराभर झिजतं आणि ब्रेकचं अंतरही वाढतं. रिमसकट असतील तर एकमेकांवर आडवे रचा, नुसते टायर असतील तर उभे ठेवा आणि अधूनमधून फिरवा. काढताना प्रत्येकावर खडूने लिहा: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. ऑक्टोबरात, तळघरातल्या मिणमिणत्या दिव्याखाली, चारही सारखेच दिसतात.