दारुड्या बापाला सांभाळणारी पोरं: मदत करताना या चुका टाळा

पहिली चूक माझीच. तेव्हा मी डिचोलीजवळच्या एका शाळेत शिकवत होते. नववीतला एक मुलगा रोज दुसऱ्या तासाला यायचा. बाप उन्हाळ्यात हुर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) हंगामात प्यायला बसला तो चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी आली तरी उठेना. मी ऐटीत सांगितलं, "आजपासून घरात थेंब नको. बाटल्या मोरीत ओत." पोरगं आज्ञाधारक. ओतल्या, वर दाराला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी बापाच्या हातातला पेला दातांवर वाजायला लागला, रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या आणि पहाटे झटका आला. १०८ बोलावून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेला. वाचला. पोरगं मात्र वॉर्डाबाहेर मला विचारत होतं, "बाई, हे मी केलं?"

वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी वात होऊन (भ्रम होऊन, माणूस बरळायला लागून) जीवही जाऊ शकतो. म्हणून सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बांबोळीलाच आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे, तिथे मोठ्या माणसाने घेऊन जायचं, पोराने नव्हे. भास किंवा झटका दिसला की थेट १०८.

दारू सोडवायची गोळी चहातून गुपचूप द्यायची? अजिबात नको. त्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळतो, आणि चहा केलेला असतो पोरीने.

"कित्ती शहाणी गं, एवढ्या वयात घर सांभाळते!" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. एकदा शहाणी ठरली की तिला "दमले" म्हणायची सोय उरत नाही. मी फक्त विचारते, काल रात्री जेवलीस का, झोपलीस किती वाजता. उत्तराची घाई करत नाही.

नवे स्वयंसेवक दोन भेटींत बापाला सुधारायला निघतात आणि पोराचं नावही विसरतात. बापासमोर पोराची साक्ष काढू नका. रात्री मार त्यालाच बसतो. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका. मारहाण होत असेल तर १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला कळवावंच लागतं.

गणपतीपुढे शपथ घ्यायला लावणाऱ्यांबद्दल काय बोलू!

माझी एक सवय मात्र आहे, रात्री घरातून निघावं लागलं तर म्हणून. दप्तराची वह्या-पुस्तकं, गणवेशाचा एक जोड आणि एक चादर शेजारच्या काकींकडे ठेवायला लावते. त्या मुलाचं सामान काकींच्या माळ्यावर दहावीची परीक्षा संपेपर्यंत होतं.