बर्डीला गाडी नेताय? आधी मोबाइल तयार करा

शनिवारी संध्याकाळी नागपुरात बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाणाऱ्याला रस्ता सापडतो, गाडी लावायला जागा सापडत नाही. मोबाइल दोन्हीसाठी कामाचा आहे, पण त्याची तयारी घरूनच करून निघायला हवी.

पहिलं काम घरच्या वायफायवर. गूगल मॅप्समध्ये स्वतःच्या फोटोवर टिचकी मारून 'ऑफलाइन नकाशे' उघडा आणि अख्खं नागपूर उतरवून घ्या. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश मोबाइल नुसते ऐकतो. तरी मोबाइल डेटा चालूच ठेवा. नकाशात रस्त्यावरची गर्दी दाखवणारी लाल रेघ दुसऱ्यांच्या मोबाइलच्या वेगावरून ठरते आणि ती डेटाशिवाय दिसत नाही.

मग अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन' उघडून 'वायफाय स्कॅनिंग' सुरू करा. इतवारी, महालच्या बोळांत उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो आणि आपला निळा ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो. अशा वेळी आसपासच्या दुकानांचे वायफाय राऊटर उपयोगी पडतात. प्रत्येक राऊटर आपली ओळख हवेत सोडत असतो, मोबाइल तेवढ्यावरून जागा ताडतो. पासवर्ड लागत नाही, कुठे जोडावंही लागत नाही.

खरी फसगत वर्धा रोडवर होते. तिथल्या 3.14 किलोमीटरच्या डबलडेकर पुलावर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. नकाशावर तिन्ही एकावर एक. जीपीएस उंची नीट सांगू शकत नाही, त्यामुळे तुम्ही पुलावर आहात की पुलाखाली, हे ॲपला अंदाजानेच ठरवावं लागतं. छत्रपती चौकात उतरायचंय आणि चुकून वर चढलात, तर चौक पायाखालून निघून जातो. म्हणून पूल येण्याआधीच मार्ग बोटाने मोठा करून बघा, आणि चढायचं की नाही हे शेजारी बसलेल्याला सांगून ठेवा. काही ॲप आता 'उड्डाणपूल घ्या' असं बोलतात. पण गोंगाटात ते ऐकू आलं तर!

मुक्कामाच्या जागी दुकानाचं नाव टाकू नका, पार्किंगचं टाका. दुकानासमोर पोचून जागा शोधत चकरा मारण्यात निम्मी संध्याकाळ जाते. माझं विचाराल तर गाडी आधीच्या एखाद्या मेट्रो स्टेशनजवळ, पार्किंगची सोय बघून लावावी आणि सीताबर्डी इंटरचेंजला उतरावं. ऑरेंज आणि ॲक्वा, दोन्ही लाइन तिथेच मिळतात.

मे महिन्यात मोबाइल गाडीच्या पुढच्या काचेखाली ठेवू नका. 45 अंशांच्या उन्हात तो तापतो, पडदा मंद होतो, चार्जिंगही थांबतं. एसीच्या झडपेजवळचा स्टँड बरा.

गाडी लावली की निळ्या ठिपक्यावर टिचकी मारून पार्किंगची जागा जतन करा. तळघरात असाल तर खांबावरच्या नंबरचा फोटोही काढा, कारण नकाशावरच्या त्या खुणेलाही मजला कळत नाही.