जर्मन गुणपत्रिका वाचण्याआधी मोजपट्टी ओळखा

जर्मनीत आकडा जितका लहान, तितका निकाल चांगला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. घोटाळा होतो तो दुसरीकडे. तिथे उलट दिशेने चढणाऱ्या मोजपट्ट्याही आहेत. त्यामुळे गुणपत्रिका हातात आली की आधी पट्टी ओळखायची, मग आकडा वाचायचा.

शाळेत १ ते ६ अशा श्रेणी असतात. १ सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. शेवटच्या दोन वर्षांत मात्र ० ते १५ गुण देतात आणि इथे जास्त तेच चांगलं: १५ म्हणजे १+, ११ म्हणजे २, ५ म्हणजे ४. कायद्याच्या राज्य परीक्षेत पट्टी ० ते १८ ची आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा ४. तिथे १० गुण हा उत्कृष्ट निकाल असतो, तर शाळेत १० म्हणजे २−. हे १० गुण टक्क्यांत बदलून पाहणाऱ्याच्या हाती भलतंच चित्र येतं.

विद्यापीठात प्रवेशाची पात्रता देणारी शालान्त परीक्षा म्हणजे आबिटूर. ती एका मोसमातल्या पेपरांवर ठरत नाही. एकूण ९०० गुणांपैकी ६०० शेवटच्या दोन वर्षांच्या कामगिरीचे, ३०० अंतिम परीक्षेचे. उत्तीर्ण व्हायला एकूण किमान ३०० लागतात आणि ८२३ पासून पुढे १.० हीच श्रेणी मिळते. म्हणूनच अंतिम परीक्षेत सगळं भरून काढू, हा हिशेब तिथे जमत नाही.

विद्यापीठात श्रेणी १.०, १.३, १.७, २.० अशा पायऱ्यांनी ४.० पर्यंत जातात. त्याखाली थेट ५.०, म्हणजे अनुत्तीर्ण. सरासरी साधी काढू नका, क्रेडिटचा (विषयाला लागणारा अभ्यास मोजणाऱ्या एककाचा) भार धरा. ५ क्रेडिटच्या विषयात १.३ आणि १० क्रेडिटच्या विषयात २.७ असेल, तर (६.५ + २७) ÷ १५ = २.२. साध्या सरासरीने २.० आलं असतं. पूर्णवेळ शिक्षणाचं एक वर्ष म्हणजे ६० क्रेडिट. बॅचलर पदवी बहुधा १८० किंवा २१० क्रेडिटची.

बाहेरच्या देशातले गुण जर्मन श्रेणीत आणायला 'सुधारित बव्हेरियन सूत्र' वापरतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा. येईल त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागा, ३ ने गुणा, १ मिळवा. १० पैकी ८.२ आणि उत्तीर्ण मर्यादा ४ असेल, तर १.८ ÷ ६ × ३ + १ = १.९. सगळ्यात जास्त चुकतो तो हा किमान आकडा. १०० पैकी ७२ गुणांना मर्यादा ४० धरली तर २.४ येतं, ५० धरली तर २.६८. प्रवेशाची अट २.५ असेल तर एवढ्यावर अर्ज बाद होतो. म्हणून मर्यादा अंदाजाने लिहू नये. गुणपत्रिकेच्या मागे छापलेली किंवा विद्यापीठाने लेखी दिलेली घ्यावी. शिवाय श्रेणी-सरासरीचे (सीजीपीए) आधी टक्के करून मग सूत्रात घालू नयेत, कारण उत्तीर्ण मर्यादेचं टक्क्यांतलं रूप त्याच प्रमाणात बदलेल याची खात्री नसते.

आणखी एक नियम प्रवेशानंतर छळतो. परीक्षेला नाव नोंदवून, वैध कारण न देता गैरहजर राहिलं तरी ५.० लागतो आणि एक संधी जाते. सक्तीच्या विषयात अशा ठरावीक संधी, बहुधा तीन, संपल्या तर तो अभ्यासक्रम सोडावा लागतो आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा घेता येत नाही. नाव मागे घेण्याची शेवटची तारीख म्हणूनच परीक्षेच्या तारखेच्या शेजारीच लिहून ठेवावी.