पावसाळ्यापूर्वीचं लसीकरण: पेटीतला बर्फ गोठ्यापर्यंत कसा टिकवायचा

वळिवाचे दिवस आले की घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत या जनावरांच्या रोगांवरच्या लसीकरणाची गडबड सुरू होते. या लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच राहायला हव्यात, आणि नेमक्या याच दिवसांत ऊन सर्वांत कडक असतं. कोल्हापुरातून लस घेऊन चंदगड, आजरा किंवा गगनबावड्याकडच्या वाडीवर जाईपर्यंत बर्फाचं पाणी झालं आणि लस तापली, तर सुई टोचूनही म्हैस उघडीच राहते. हे कळतं ते साथ आल्यावर, म्हणून लस न्यायच्या थर्माकोलच्या पेटीची तयारी आदल्या रात्रीच करा.

सर्वांत जास्त बर्फ खातं ते पेटीत भरलेलं गरम सामान. एक लिटर पाणी 32 अंशांवरून शून्यापर्यंत आणायला साधारण 400 ग्रॅम बर्फ वितळतो. लसीच्या पेटीतच पिण्याच्या पाण्याच्या 5 बाटल्या कोंबल्या, तर 2 किलो बर्फ त्यांच्यातच गेला. पिण्याच्या पाण्याची पिशवी वेगळी ठेवा. पेटीसुद्धा तापलेली नको. पत्र्याच्या शेडमधून काढून लगेच भरू नका. रात्री घरात आणून तिच्यात थोडा बर्फ टाकून झाकून ठेवा, सकाळी तो काढून नवा भरा.

बर्फ मोठ्या तुकड्यात घ्या. फोडलेल्या बर्फाला चारी बाजूंनी हवा लागते आणि तो भराभर वितळतो, लादीचा तुकडा दम धरतो. घरी करायचा तर प्लॅस्टिकच्या बाटल्या पाऊण भरून फ्रीजरमध्ये ठेवा, कारण गोठताना पाणी फुगतं. बाटलीतल्या बर्फाचा दुसरा फायदा असा, की पाणी पेटीत सांडत नाही आणि लसीची लेबलं भिजत नाहीत. लवकर थंड व्हावं म्हणून काही जण मीठ टाकतात. लसीच्या पेटीत मीठ अजिबात नको. त्याने बर्फ लवकर संपतो आणि तापमान शून्याच्या खाली उतरतं.

थर्माकोलच्या भिंतीची जाडी दुप्पट केली की आत शिरणारी उष्णता जवळपास निम्मी होते. म्हणून पातळ पेटी दुसऱ्या मोठ्या खोक्यात बसवा आणि मधल्या फटीत भाताचं तूस किंवा गुऱ्हाळावरचं चिपाड भरा. ते खडखडीत वाळलेलं हवं, ओल्या चिपाडातून उष्णता सरळ आत येते. आतली रिकामी जागा वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरून टाका. झाकणाची फट चिकटपट्टीने बंद करा आणि वाटेत उघडून बघत बसू नका. पेटी सावलीत, टेम्पोच्या इंजिनापासून लांब ठेवा. वरून ओलं गोणपाट टाकलं तर कोरड्या हवेत चांगला फरक पडतो. पाऊस पडून हवा दमट झाली की त्याचा उपयोग फारसा राहत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. लस तापू नये एवढीच काळजी पुरत नाही, ती गोठूही द्यायची नाही. वर सांगितलेल्या तिन्ही लसी एकदा गोठल्या की वाया गेल्या, नंतर वितळवून उपयोग नाही. फ्रीजरमधून काढलेली कडक बाटली लसीला थेट टेकवू नका. ती थोडा वेळ बाहेर ठेवा आणि हलवून बघा. आत पाणी खळखळलं की मगच पेटीत घाला. लसीच्या बाटल्या पुठ्ठ्यात गुंडाळून मधोमध ठेवा आणि शेजारी एक साधा थर्मामीटर असू द्या. तो 2 च्या खाली गेला तर बर्फ आणि लस यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा आणखी एक थर घाला. 8 कडे चढू लागला तर वाटेतल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन लस त्यांच्या फ्रीजमध्ये ठेवता येते का ते विचारा.

गोठ्यावर पोचल्यावर जनावरं आधी बांधून घ्या, मगच पेटी उघडा. एका वेळी एकच बाटली बाहेर काढा आणि लगेच झाकण लावा. बर्फ संपूर्ण वितळलेला दिसला आणि थर्मामीटर 8 च्या वर असेल, तर ती लस टोचण्याआधी पशुवैद्यकांना दाखवा.