महाराज म्हणाले, गांधीजी म्हणाले… फॉरवर्ड करण्याआधी या चुका टाळा

गणपतीचे बॅनर छपाईला टाकायची घाई असते. मंडळाच्या ग्रुपवर निरोप येतो, ‘एखादं दमदार वाक्य टाका रे.’ दहा मिनिटांत पाच वाक्यं हजर! चार शिवाजी महाराजांच्या नावावर, एक विवेकानंदांच्या. कुठल्या पत्रातलं, कुठल्या भाषणातलं, हे विचारायला कोणाला सवड नसते. मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत सगळीकडे हीच तऱ्हा. मग तेच वाक्य दहा फुटांच्या फ्लेक्सवर चढतं, पुढच्या वर्षी त्या फ्लेक्सचाच फोटो पुरावा म्हणून फिरतो.

खरं वाक्य ओळखायची खूण साधी आहे. कोणाला उद्देशून, कधी आणि कुठे म्हटलं, हे त्याच्याबरोबर सांगता येतं. उचललेल्या वाक्याबरोबर फक्त फोटो असतो.

‘शोभतंय की त्यांना!’

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. वाक्य त्या माणसाच्या तोंडी शोभतं, म्हणून ते त्याचंच असं आपण धरून चालतो. आपल्याकडे बँकांच्या, दुकानांच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं ते आठवतं का? ग्राहक हा आपल्या आवारातला सर्वात महत्त्वाचा पाहुणा, तो आपल्यावर नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, आणि खाली महात्मा गांधी. काही जण वर ‘१८९०, दक्षिण आफ्रिकेतलं भाषण’ असंही जोडतात. १८९० मध्ये गांधीजी लंडनला कायदा शिकत होते. दक्षिण आफ्रिकेत त्यांचं पाऊल पडलं १८९३ मध्ये. त्यांच्या लिखाणात हे वाक्य नाही. याच धर्तीचा मजकूर १९४० च्या दशकातल्या अमेरिकन विक्री-व्यवसायाच्या मासिकात मात्र सापडतो. भिंतीवरचा धडा चांगलाच आहे, काउंटरवर तो कितपत पाळला जातो हा भाग वेगळा.

‘जगात जो बदल हवा तो स्वतः व्हा’ हेही असंच. गांधीजींनी १९१३ मध्ये आपल्या ‘इंडियन ओपिनियन’ या साप्ताहिकात लिहिलं होतं ते साधारण असं: आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील. अर्थ जवळचा, पण पोस्टरवरचं चटपटीत वाक्य कोणी तरी मागाहून घडवलेलं. गांधीजींच्याच नावावर फिरणाऱ्या ‘आधी ते दुर्लक्ष करतात, मग हसतात’ या मालिकेचा माग काढला, तर तो १९१८ मध्ये बाल्टिमोरला कामगार संघटनेच्या मेळाव्यात निकोलस क्लाइन यांनी केलेल्या भाषणापर्यंत जातो.

बागायतदारांच्या ग्रुपवर आइन्स्टाइन येतात. मधमाश्या संपल्या की माणूस चार वर्षांत संपेल, म्हणे. आइन्स्टाइन यांच्या लिखाणात हे कुठेच मिळत नाही. ते पसरलं मधुमक्षिकापालकांच्या मासिकांतून आणि मोर्चांतून. मधमाश्या वाचवायलाच हव्यात, पण त्यासाठी भौतिकशास्त्रज्ञाची साक्ष कशाला? शिवाय आंब्याच्या मोहोरावर परागीभवनाचं बरंचसं काम मधमाश्यांखेरीज इतर माश्याच करतात, हे बागेत उभं राहिलं की दिसतं.

दोन पत्रांचं एक पत्र करणं

ही चूक आपल्या कोकणाशी थेट जोडलेली आहे, म्हणून जरा सविस्तर. शिवाजी महाराजांचं एक पत्र चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांना आहे. आत्ताच दाणा-वैरण उधळलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील, मग कोणी कुणब्याचे दाणे आणेल, कोणी भाकर, कोणी भाजी. लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात पळवील आणि गवताला आग लागेल, इतक्या बारकाव्याने लिहिलेलं.

दुसरं पत्र १६७६ चं, कोकणातल्या प्रभावळी सुभ्याचे सुभेदार रामाजी अनंत यांना. भाजीच्या देठालाही मन न दाखवता काम कर, ही सुप्रसिद्ध ताकीद यातली. ती महसुली अधिकाऱ्याला आहे, लाचलुचपतीबद्दल. बाकी पत्रात गरीब कुळाला बैल, दाणे कसे पुरवायचे आणि वसुली कशी सावकाश करायची ते आहे. फॉरवर्डमध्ये हा देठ चिपळूणला जातो, ‘मन’चा ‘हात’ होतो आणि सुभेदाराच्या जागी सैनिक येतात. दोन्ही पत्रं खरी, पण झालेली खिचडी खोटी.

तिसरा मजकूर आंबा-फणसाचा. आरमारासाठी रयतेची झाडं तोडू नका, ती त्यांनी लेकरांसारखी वाढवलीत. जुनं झालेलं झाड हवंच असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्या. हे ‘महाराजांचं पत्र’ म्हणून दर पर्यावरणदिनी फिरतं. प्रत्यक्षात ते रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्र’ या राज्यकारभारावरच्या ग्रंथातलं आहे, म्हणजे १७१५ च्या सुमाराचं, महाराजांनंतर पस्तीसेक वर्षांनी लिहिलेलं. अमात्यांनी महाराजांचा कारभार जवळून पाहिला होता, त्यामुळे धोरण त्यांचंच म्हणायला हरकत नाही. शब्द मात्र अमात्यांचे. बॅनरवर ‘आज्ञापत्र’ एवढं एक नाव वाढवलं तरी काम झालं.

आणखी एक खूण भाषेची. त्या काळच्या पत्रांत रयत, बहुत, तसवीस, वजा करणे असली भाषा असते. ‘संघर्षाशिवाय यश नाही’ छापाचं गुळगुळीत वाक्य महाराजांच्या नावावर दिसलं की थबकावं. अभंगांचंही तेच. शेवटी ‘तुका म्हणे’ चिकटवलं म्हणून ओळ तुकोबांची होत नाही.

शोधूनही मिळत नाही, तर?

आधी शोधायची रीत तपासा. पूर्ण वाक्य टाकू नका. त्यातले वेगळे वाटणारे चार-पाच शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधा, आणि ज्या भाषेत ते मुळात बोललं गेलं असेल त्या भाषेतही. सुविचारांच्या शंभर साइटवर दिसलं तर तो एकच पुरावा समजा, त्या एकमेकींची नक्कल करतात. चॅटबॉटला विचारलंत तर तो पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांकसुद्धा छातीठोकपणे देईल. ते पान स्वतः उघडल्याशिवाय मानू नका. गांधीजींच्या समग्र लेखनाचे इंग्रजीतले १०० खंड ऑनलाइन खुले आहेत, बाबासाहेबांची लेखनं-भाषणं राज्य सरकारने छापली आहेत, तुकोबांची गाथाही सहज मिळते. तालुक्याच्या वाचनालयातले जुने ग्रंथपाल तर या बाबतीत गूगलला ऐकायचे नाहीत.

तरीही नाही मिळालं, तर वाक्य ठेवा आणि नाव काढा. चांगलं असेल तर ते नावाशिवायही वाचलं जाईल.

पावसाळ्यात हाच खेळ जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने चालतो. ‘उद्या शाळांना सुट्टी’चं जुनं पत्र, तारीख बदललेलं. सही-शिक्का आणि जावक क्रमांक बघून भुलू नका. जिल्हा प्रशासनाच्या अधिकृत पानावर तेच पत्र आहे का ते बघा, नाही तर सरळ शाळेत फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन बाणांची खूण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ असं दिसलं, तर ते पाठवणाऱ्याने लिहिलेलं नाही एवढं नक्की.

चूक दाखवतानाची चूक

गावच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर ‘काका, खोटं आहे हे’ लिहिलंत की काका वाक्य सोडणार नाहीत, उलट ग्रुप सोडतील. मुंबईचे चाकरमानी आणि गावकरी एकाच ग्रुपवर असले की वाद मग वाक्याचा राहत नाही. वेगळा मेसेज करा: ‘काका, आंब्या-फणसाचं ते आज्ञापत्रातलं आहे, मूळ उतारा पाठवतो, तोच टाका ना.’ हातात बदली मजकूर दिला की माणूस पटकन ऐकतो. तुमच्याच हातून गेलं असेल तर ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ असतो. फक्त पुसू नका, खाली एक ओळ दुरुस्तीचीही टाका, कारण तोवर ते आणखी चार ग्रुपवर पोचलेलं असतं.