एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडत नाही? फॉरमॅट मारू नका
गणपतीत रात्री दहानंतर फोन वाजला की कुणाचं तरी काम अडलेलं असतं. यंदा कुडाळहून एक पोरगा रडवेला होऊन विचारत होता, "काका, फोटोशॉप उघडणा नाय. फॉरमॅट मारू काय?" म्हटलं, बाबा, थांब. लाईट कधी गेली होती ते सांग.

मालवणात २२ वर्षं स्टुडिओ चालवतोय, म्हणून हाच प्रश्न आधी सुचतो. सॉफ्टवेअर बंद होताना आपली सेटिंग एका फाइलमध्ये लिहितं. नेमकी तेव्हाच लाईट गेली तर फाइल अर्धवट राहते आणि पुढच्या वेळी ती वाचताना सॉफ्टवेअर अडकतं. काढून परत टाकलं तरी ही फाइल बहुधा मागे तशीच राहते, म्हणून तो खटाटोप फुकट जातो.

आधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. फोटोशॉप मागे अडकून बसलेलं दिसलं तर एंड टास्क करा आणि पुन्हा उघडून बघा.

तरी नाही उघडलं तर सी ड्राइव्हवर युजर्समध्ये आपल्या नावाच्या फोल्डरात जा आणि ॲपडेटा, रोमिंग, अडोबी या वाटेने फोटोशॉपच्या सेटिंग्जचं फोल्डर शोधा. ॲपडेटा लपलेलं असतं, व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्सवर टिक करा. हे फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवाच. लग्नाच्या अल्बमसाठी वर्षानुवर्षं बनवलेल्या ॲक्शन, म्हणजे एका क्लिकवर चालणाऱ्या कामाच्या साठवलेल्या पायऱ्या, त्यातच असतात, त्या गेल्या की हाताशी काही उरत नाही. मग आयकॉनवर डबल क्लिक करून लगेच कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट तिन्ही दाबून धरा. सेटिंग पुसू का विचारेल, हो म्हणा. बोटं उशिरा पडली तर काहीच विचारणार नाही, बंद करून पुन्हा करा. कुडाळच्या पोराला तिसऱ्या खेपेला जमलं. प्रीमियर प्रोसाठी नुसतं ऑल्ट धरायचं.

स्क्रॅच डिस्क, म्हणजे फोटोशॉप काम करताना तात्पुरती वापरतं ती ड्राइव्हवरची जागा, भरल्याचा मेसेज आला तर भानगड वेगळी. दशावताराचं रात्रभराचं शूटिंग डेस्कटॉपवर ओतलं की सी ड्राइव्ह भरतो. उघडताना कंट्रोल आणि ऑल्ट धरा, दुसरा ड्राइव्ह निवडा, मग सावकाश जागा करा. पत्रिकेसाठी कुणी दिलेला नवा फॉन्ट टाकल्यापासून त्रास असेल तर तो फॉन्ट काढा.

एवढ्यावरही उघडून लगेच बंद पडत असेल तर विंडोजच्या बिघाडांची नोंद ठेवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन बघा. लाल खुणेच्या नोंदीत 'फॉल्टिंग मॉड्यूल', म्हणजे ज्या फाइलपाशी गाडी अडली तिचं नाव, लिहिलेलं असतं. तिथलं नाव एन, व्ही या अक्षरांनी सुरू होत असेल तर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) संशय घ्या आणि कंपनीच्या साइटवरून स्टुडिओ ड्रायव्हर टाका. गेम खेळणाऱ्यांसाठीचा वेगळा असतो, आपल्या कामाला स्टुडिओवालाच बरा.

त्या नोंदीत दर वेळी वेगळंच नाव येत असेल तर माझा संशय रॅमवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीवर जातो आणि मी ती काढतो. समुद्राकाठी खारी हवा, त्यात चार महिने ओल. रॅमच्या सोनेरी पट्टीवर मेणचट, काळसर थर धरतो. कॉम्प्युटर बंद करा, वायर काढा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. मग पांढऱ्या खोडरबरने पट्टी हलक्या हाताने घासा, चुरा ब्रशने झाडा आणि बाजूची खिट्टी टक् वाजेपर्यंत रॅम दाबून बसवा.